दोन आण्यांच्या जमिनीवरचे चंडोल

आकुर्डी, भोसरी किंवा चाकणला कारखाने येण्याआधी काय होते, असे कुणालाही विचारा. उत्तर ठरलेले असते. काही नव्हते, नुसते माळरान होते. या उत्तराचा दुसरा अर्धा भाग पहिल्या अर्ध्याला खोडून काढतो, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. माळरान होते म्हणजे काहीतरी होतेच. तिथे कोणते गवत होते, कोणाची जनावरे चरत होती, त्या गवतात कोण अंडी घालत होते, याची नोंद जमीन मोजणाऱ्यांनी करायला हवी होती. त्यांनी ती केली, पण दोन वेगळ्या वह्यांत. पक्ष्यांच्या वहीत पक्षी नीट ओळखले गेले. जमिनीच्या वहीत त्याच पक्ष्यांचे घर पडीक ठरले. दोन्ही वह्या एकमेकींशी कुणी ताडून पाहिल्या नाहीत. या औद्योगिक पट्ट्याच्या पूर्वेतिहासाला साक्षीदार हवा असेल तर माळावरच्या एका लहान, मातकट पक्ष्याला बोलावता येते, असे माझे म्हणणे आहे. अट एकच. त्याची ओळख अचूक पटली पाहिजे. 'असेल कुठला तरी चंडोल' एवढ्यावर भागवले तर साक्ष तिथेच बाद होते.

पुण्याच्या परिसरातल्या पक्ष्यांची शास्त्रीय मोजदाद सुरू केली ती विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने. 1817 मध्ये खडकीच्या लढाईत तो कंपनीच्या बाजूने लढला होता. पेशवाई बुडाल्यानंतर, 1824 मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने त्याला मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी नेमले. नव्याने हाती आलेल्या मुलखात माणसे किती, पिके कोणती, पाऊस किती, जमीन कुणाच्या मालकीची, हे सगळे धुंडाळून कागदावर आणायचे हे त्याचे काम. साइक्सला या कामाची हौस होती. मिरासदार आणि उपरी यांच्या हक्कांवर त्याने लिहिले, दख्खनच्या हवामानावर लिहिले, माशांवर लिहिले, लाव्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला. 1832 मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी ठेवली. तिच्यातले पन्नासाहून अधिक पक्षी शास्त्राला नवे होते. एका लहान तुरेवाल्या चंडोलाला त्याने 'देवा' हे जातिनाम दिले, एका वटवट्याला 'रामा', आणि सातभाईंच्या एका मोठ्या राखी जातीला गव्हर्नर सर जॉन माल्कमचे नाव. माल्कमने सरकारसाठी घेतलेला बंगला दापोडीला होता, म्हणजे आजच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीतच. देवाच्या आणि रामाच्या पंगतीला साहेबालाही बसवण्याची ही हुशारी दाद देण्यासारखी आहे. आणि कलकलाट करणाऱ्या सातभाईंचा मान गव्हर्नरकडे जावा, हेही.

'देवा' म्हणजे आज आपण साइक्सचा चंडोल म्हणतो तो. फक्त भारतीय द्वीपकल्पात सापडणारा हा पक्षी जेमतेम चौदा सेंटिमीटर लांबीचा, चिमणीएवढा. पाठ तांबूस आणि तिच्यावर गडद रेघा, पोटाखाली उबदार तांबूस-पिवळी छटा, डोक्यावर टोकदार तुरा. छातीवर रेघा असतात, पण थोड्या आणि बारीक. हे शेवटचे लक्षण महत्त्वाचे, कारण सह्याद्रीच्या अंगाला त्याचा चुलतभाऊ राहतो, मलबारी चंडोल. तोही तुरेवाला, तोही तपकिरी. पण अंगाने थोडा मोठा आणि छातीवर ठळक, जाड रेघांची नक्षी असलेला. मलबारी चंडोलाला डोंगरपठारांची, जास्त पावसाची बाजू मानवते. साइक्सच्या चंडोलाला कोरडी, खडकाळ, तुटपुंज्या गवताची. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास, आणि लोणावळ्यापासून चाकण सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत आहे. पाऊस इतक्या झपाट्याने ओसरतो त्या उतारावर हे दोन चुलतभाऊ एकमेकांच्या शेजाराला येतात. म्हणूनच पवना, इंद्रायणी आणि भामा या नद्यांमधल्या टापूत छातीच्या रेघा नीट पाहणे ही नुसती पक्षिनिरीक्षकाची हौस राहत नाही. उभे आहोत ती जमीन घाटाची की देशाची, हे तो पक्षी सांगत असतो.

गोंधळ घालणारे आणखी बरेच आहेत. साधा भारतीय चंडोल उडत उडत आभाळात ठिपक्याएवढा होतो आणि तिथेच पंख फडफडवत बराच वेळ गात राहतो. त्याचा तुरा आखूड, बोथट. झुडपी चंडोल झुडपाच्या शेंड्यावरून वर जातो, पंख उचलून छत्रीसारखा तरंगत खाली येतो, आणि उडताना त्याच्या पंखांत विटकरी पट्टा दिसतो. तांबड्या शेपटीच्या चंडोलाचे अंग काळपट, शेपूट गंजक्या रंगाची आणि तिच्या टोकाला काळी पट्टी. तिरचिमणी दिसायला चंडोलासारखी, पण सडपातळ, ताठ उभी राहणारी आणि सारखी शेपूट हलवणारी. डोंबारी या चंडोलाचा नर मात्र अनोळखी माणसालाही चुकवता येत नाही: राखी टोपी, डोळ्यांतून जाणारा काळा पट्टा आणि पोट काळेकुट्ट. विणीच्या दिवसांत तो सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा कोसळतो, त्याच वेगाने पुन्हा वर उसळतो, असे चार-पाच हेलकावे घेत जमिनीला टेकता टेकता सावरतो. त्याची मादी मात्र फिकट तपकिरी, चिमणीच्या मादीत सहज खपून जाणारी. घरटे म्हणजे ढेकळाच्या किंवा गवताच्या बुडख्याच्या आडोशाला उकरलेली वाटीएवढी खळगी, आत गवताचे अस्तर, काठाला कधी कधी बारीक खडे मांडलेले. दोन हातांवरून गेले तरी दिसत नाही. जमिनीवर बुलडोझर फिरवणाऱ्याला ती दिसावी अशी अपेक्षाही कुणी करणार नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. साइक्सची यादी 'दख्खन'ची आहे. त्याच्या कामाचा मुलूख पुण्यापासून अहमदनगर, खानदेश आणि धारवाडपर्यंत पसरलेला. कोणता पक्षी नेमका कोणत्या गावच्या शिवारात मारला हे आजच्या निरीक्षकासारखे तो लिहीत बसला नाही. त्या काळी ओळख पटवणे म्हणजे बंदूक चालवणे. पक्षी हातात आला की डोळ्याचा रंग पाहायचा, पोट फाडून काय खाल्ले ते पाहायचे, कातडे पाठवून द्यायचे. तेव्हा साइक्सने चाकणच्या माळावर देवा पाहिला असे म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि तसे मी म्हणतही नाही. पण या पक्ष्याची राहणी ठाऊक आहे. त्याला लागणारी जमीन चाकणच्या आसपास होती की नाही, हे दुसऱ्या वहीत पाहता येते. ती वही महसूल खात्याची.

साइक्सचे काम संपत आले तेव्हाच पुणे जिल्ह्यात प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याची जमीनमोजणी सुरू झाली होती. ती फसली. मग 1835 नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नवी पद्धत घालून दिली आणि 1847 च्या जॉइंट रिपोर्टने ती पक्की केली. पद्धत मोठी शिस्तीची होती. प्रत्येक सर्व्हे नंबरात जमिनीचे भाग पाडायचे, मातीचा रंग पाहायचा, तिची खोली हाताच्या मापाने मोजायची, चुनखडी, वाळू, उतार, पाणथळपणा असे दोष लावायचे आणि शेवटी नऊ प्रतींपैकी एक प्रत द्यायची. पहिल्या प्रतीची किंमत सोळा आणे, नवव्या प्रतीची दोन आणे. जिथे नांगर चालणारच नाही तो तुकडा पोटखराब. गावाने जनावरांसाठी राखलेले ते गायरान. ही भाषा आजही सातबाऱ्यावर जिवंत आहे. खेड तालुक्यातला कुणीही शेतकरी पोटखराबाचे क्षेत्र तोंडपाठ सांगेल. या पद्धतीचा हेतू एकच होता, शेतसारा किती बसवायचा ते ठरवणे; त्या हेतूपुरती ती न्याय्य होती आणि आधीच्या मनमानीपेक्षा कितीतरी बरी होती. पण तिचा उलटा अर्थ पाहा. मुरमाची, वीतभर खोलीची, दगड वर आलेली जमीन जितकी खालच्या प्रतीत जाईल तितकी ती साइक्सचा चंडोल, धाविक, पखुर्डी अशा माळावरच्या पक्ष्यांच्या पसंतीची. काळ्याभोर सोळा आणे जमिनीत यातले कुणी सहसा फिरकत नाही. मोजणीदाराची नववी प्रत ही चंडोलाची पहिली प्रत. त्यामुळे जुन्या नकाशांवर आणि फाळणीच्या कागदांवर जिथे जिथे हलकी मुरमाड जमीन नोंदली आहे, तिथे तिथे नकळत या पक्ष्यांच्या घरांचाही नकाशा काढला गेला आहे. पिंपरी, चिखली, मोशी, चाकण या बाजूचे उंचवटे असेच. काळी जमीन नदीकाठाला, वर मुरूम.

हा माळ निकामी होता हे म्हणणेही नंतरचे. मराठ्यांचे घोडदळ गवतावर चालत होते. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टे याच कोरड्या मुलखाची पैदास. सरकारी कुरणे राखली जात, त्यांतले गवत कापून साठवले जाई. मारवेल, पवन्या, डोंगरी ही गवते गुरांना आवडीची. कुसळी मात्र कुसळे यायच्या आधीच चारावी लागते, हे गुराख्याच्या पोराला पुस्तकाशिवाय कळत होते. पावसाळा संपला की मेंढरे घेऊन कोकणाकडे निघणारे धनगर वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवत. शेताला खत मिळे, धनगराला धान्य मिळे. अशा चराईने गवत फार माजत नाही, मधून मधून जमीन उघडी राहते, आणि धावत धावत किडे टिपणाऱ्या, उघड्यावर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना हेच हवे असते. म्हणजे माणसाने हात न लावलेली ही भूमी होती असे नाही. ती वापरातली भूमी होती; फक्त त्या वापराचा सारा भरला जात नव्हता, आणि साऱ्याच्या वहीत जे येत नाही ते सरकारला दिसत नाही.

पक्षी ओळखण्याचे ज्ञानही साइक्सपासून सुरू होत नाही. लावे, तितर आणि पखुर्ड्या पकडणारे फासेपारधी गवताच्या वाकण्यावरून, विष्ठेवरून, आवाजावरून पक्षी ओळखत आणि त्याचाच आवाज काढून त्याला फासाकडे आणत. पोटाचा धंदा होता. चूक झाली तर रात्री चूल पेटत नव्हती. चंडोल पिंजऱ्यात ठेवण्याची हौस उत्तर भारतात जास्त, तरी इथेही तो गाण्यासाठी पाळला गेला आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याची व्याप्ती पुढे मुंबई इलाख्यापर्यंत वाढली आणि भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. 1952 मध्ये कायदा गेला, शिक्का गेला नाही. माळावर फिरण्यासाठी ज्यांच्या पायांना सर्वांत जास्त कारण होते त्यांचे फिरणेच संशयास्पद ठरले. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबवली ते योग्यच झाले, पण त्या ज्ञानाला दुसरे काम कुणी दिले नाही. साइक्सच्या हाताखाली पक्षी आणून देणारे कोण होते हे त्याच्या यादीवरून कळत नाही. ती माणसे इथल्याच रानांत फिरणारी असणार, एवढे मानायला हरकत नसावी.

दुसरा आक्षेप जंगलवाल्यांचा. ते म्हणतात, माळ ही मूळ स्थिती नव्हेच. इथे पूर्वी दाट जंगल होते, ते कुऱ्हाडीने आणि चराईने बोडके केले. तेव्हा माळावरच्या पक्ष्यांचा एवढा कळवळा म्हणजे जखमेवरच्या खपलीचे कौतुक. हा समज जुन्या वनाधिकाऱ्यांनी रुजवला आणि शाळेच्या पुस्तकांनी पसरवला. त्याला अलीकडे चांगले उत्तर मिळाले आहे, आणि तेही मराठी वाङ्मयातून. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी 2025 मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पश्चिम महाराष्ट्राबद्दलच्या ओव्या, चरित्रे, आख्यायिका, लोकगीते अशा गेल्या सुमारे साडेसातशे वर्षांच्या साहित्यात कोणत्या रानझाडांचे उल्लेख येतात ते त्यांनी वेचले. त्यांत सापडलेल्या जातींपैकी साधारण दोन-तृतीयांश विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशाच्या निघाल्या: बाभळी, पळस, हिवर असली मंडळी. ब्रिटिशांच्या कुऱ्हाडीच्या आधीपासून हा मुलूख उघडाच होता. शिवाय पक्ष्याचा पुरावा आहेच. साइक्सचा चंडोल जगात दुसरीकडे कुठे नाही, आणि दाट झाडीत तो जगत नाही. हजार-पाचशे वर्षांत बोडक्या झालेल्या डोंगरावर इतकी वेगळी, इतकी स्थानिक जात घडत नसते. द्वीपकल्पाच्या मध्यावर उघडी, कोरडी भूमी फार फार काळ असल्याशिवाय हा पक्षी असणेच शक्य नाही.

आता कारखान्यांकडे. पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स 1954 मध्ये उभी राहिली. 1961 चा औद्योगिक विकास कायदा आला, 1 ऑगस्ट 1962 ला राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. आकुर्डीला बजाज, पिंपरी-चिंचवडला टेल्को, भोसरीत लघुउद्योगांची रांग. 1970 मध्ये नगरपालिका, 1972 मध्ये नवनगर प्राधिकरण, 1982 मध्ये महानगरपालिका. नव्वदच्या दशकापासून लोट इंद्रायणी ओलांडून चाकणकडे वळला. 2009 मध्ये तिथे जर्मन मोटारींचे कारखाने सुरू झाले आणि पाठोपाठ महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, सावरदरी ही गावे उद्योगाच्या नकाशावर आली. जमिनी घेताना निकष काय होता? महामार्ग जवळ हवा, सपाटी हवी, आणि बागायत शक्यतो नको. हा शेवटचा निकष शहाणपणाचा वाटतो आणि अन्नधान्याच्या दृष्टीने तो आहेच. पण त्याने निवड नेमकी हलक्या प्रतीच्या जमिनीवर, गायरानावर आणि माळावर आणून ठेवली. दीडशे वर्षांपूर्वी शेतसाऱ्यासाठी दिलेल्या प्रतींनी विसाव्या शतकात ठरवले की काय बुडाले तर हरकत नाही. पुढे 2000 सालापासून केंद्र सरकारने पडीक जमिनींचे नकाशासंग्रह काढले. उपग्रहाच्या चित्रावरून काढलेल्या त्या नकाशांत झुडपी आणि गवताळ रान पुन्हा पडीकाच्याच रकान्यात गेले. यंत्र नवे, रकाना विंगेटच्या काळातला.

यावर कुणी म्हणेल, मग काय कारखाने नकोच होते? लाखो घरांच्या चुली या पट्ट्यावर पेटतात. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेल्या माणसाला चंडोलाच्या छातीवरच्या रेघा सांगणे क्रूरपणाचे होईल. मान्य. माळ गेला त्याचे सगळे खापर कारखान्यांवर फोडणेही खोटे ठरेल. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला 1885 च्या नीरा कालव्यापासून उसाने जेवढा माळ गिळला असेल तेवढा कुठल्याही औद्योगिक वसाहतीने गिळला नसावा. चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उतरतात त्यासाठीही कधीतरी कुणी मुरूम फोडून माळ नांगराखाली आणला आहे. माझा मुद्दा हिशेबाचा आहे. जंगल कापायचे तर परवानगी लागते, बदली जमीन द्यावी लागते, नुकसानीचा आकडा काढावा लागतो. वन खात्याच्या ताब्यात नसलेला माळ सपाट करायला यातले काही लागत नाही, कारण तिथे काही होते हेच कागदावर नाही. नफा मोठा असेल, तरी ज्या धंद्यात भांडवल किती गेले हेच लिहिलेले नसते त्याचा ताळेबंद कुणी मान्य करत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटतो. लोक म्हणतात, चंडोल आहेत की अजून! औद्योगिक वसाहतीतल्या मोकळ्या भूखंडावर, कुंपणाच्या आत, रस्त्याच्या कडेला टाकलेल्या मुरमाच्या ढिगावर ते दिसतात. दिसतात, हे खरे. पण दिसते ती बहुधा डोंबारी. तिला नांगरून टाकलेले रान चालते, सुकलेल्या तळ्याचा काठ चालतो, क्रिकेटचे मैदानही चालते. ओसाड भूखंड तिला वर्ष-दोन वर्षे पुरतो आणि पाया खणला गेला की ती पुढच्या भूखंडावर जाते. साइक्सचा चंडोल एवढा सोशिक नाही, धाविक त्याहून नाही, आणि पखुर्डीला तर माणसांची ये-जा कमी असलेले खडकाळ झुडपी रान हवे. पाहणाऱ्याने या सगळ्यांना एकाच नावाखाली टाकले तर काहीच बदललेले नाही असे दिसेल. वेगळे ओळखले तरच कळते की शिष्टांची पंगत उठून गेली आहे आणि पडेल ते काम करणारा एक गडी मागे राहिला आहे. माळ पडीक आहे आणि त्यावरचा पक्षी कुठलासा चंडोल आहे, ही दोन्ही विधाने एकाच आळसातून येतात आणि एकमेकांना आधार देतात.

याच ठिकाणी सावधगिरीही हवी. सध्या लांब भिंगाचा कॅमेरा असलेला प्रत्येकजण नोंदी करतो, आणि त्या नोंदींत चुका भरपूर असतात. फोटोत उन्हाने छातीच्या रेघा पुसल्या जातात. वारा असेल तर तुरा आडवा पडतो आणि तुरेवाला बिनतुऱ्याचा वाटतो. पावसाळ्याच्या अखेरीस पिसे झिजलेली असतात तेव्हा रंगावर विश्वास ठेवणे धोक्याचे. शिवाय साइक्सचा चंडोल इतर पक्ष्यांच्या नकला करतो, त्यामुळे नुसत्या आवाजावर निकाल देणारा फसतो. म्हणून अंगाची ठेवण, छाती, उडताना शेपटीच्या बाहेरच्या पिसांचा रंग, गाण्याची तऱ्हा आणि पायाखालची जमीन, एवढे सगळे जुळले तरच नाव लिहावे. न जुळले तर 'चंडोल, जात अनिश्चित' असे लिहिण्यात कमीपणा नाही. नोंदी वाढल्या म्हणजे पक्षी वाढले असेही नाही, पाहणारे वाढले. देशभरातल्या अशा नोंदींवरून तयार झालेला 2023 चा भारतीय पक्ष्यांचा अहवाल गवताळ आणि उघड्या प्रदेशांतल्या पक्ष्यांची घट सर्वांत गंभीर मानतो, आणि पाहणाऱ्यांच्या वाढीचा हिशेब करूनच मानतो, हे इथे लक्षात घ्यावे.

उरलेल्या माळावर आता नवे संकट आले आहे, आणि त्याला लोक पुण्यकर्म म्हणतात. टेकड्या हिरव्या करायच्या. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया कितीतरी वर्षांपूर्वी दाटीने लावला गेला. निगडीच्या दुर्गाटेकडीचे उद्यान झाले. 2016 ते 2019 या काळात राज्याने कोट्यवधी रोपे लावण्याच्या मोहिमा काढल्या आणि खड्डे खणायला मोकळी जागा शोधली. मोकळी जागा म्हणजे पुन्हा तोच माळ. कंपन्यांचे कर्मचारी पर्यावरणदिनी फावडी घेऊन जातात तेव्हा त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. पण साइक्सच्या चंडोलाला झाडांची रांग आणि काँक्रीटची भिंत यांत फारसा फरक नसतो. त्यामानाने देहूरोड आणि दिघीच्या बाजूला लष्कराच्या ताब्यातल्या जमिनींनी, कुणी ठरवलेले नसताना, उघड्या रानाचे काही तुकडे राखले. तारेच्या कुंपणाने जे केले ते धोरणाने करता आले नाही, ही जरा ओशाळवाणी गोष्ट आहे.

वन खात्याने इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ रानाची सफर सुरू केली, हे स्वागतार्हच. पण तो मुलूख पूर्वेचा, पूर्ण कोरडा. तिथे लोक लांडगा आणि चिंकारा पाहायला जातात. पाऊस ओसरण्याच्या उतारावरचा, दोन चंडोल शेजाराला येतात तो टापू तिथे नाही. तो आहे मावळ, खेड आणि पिंपरी-चिंचवडच्या सांध्यावर, आणि त्याचे तुकडे आता गट नंबरांनी ओळखले जातात. तेव्हा या भागात पक्षी पाहणाऱ्यांनी नोंदीत तारीख, वेळ आणि जातीचे नाव लिहिताना गावाचे नाव आणि गट नंबरही लिहावा. भूमापनाचे नकाशे आता मोबाइलवर दिसतात, फार कष्ट नाहीत. अमुक गटात, सातबाऱ्यावर पोटखराब म्हणून लागलेल्या अमुक आर क्षेत्रात, एप्रिलमध्ये साइक्सच्या चंडोलाची जोडी घरटे करताना दिसली, अशी वीस-पंचवीस वर्षांची ओळ तयार झाली, तर पुढच्या भूसंपादनाच्या वेळी हरकत नोंदवणाऱ्याच्या हातात साइक्सची वही आणि विंगेटची वही पहिल्यांदाच एकत्र असेल.